परदेशी विद्यापीठाचा ईमेल आला, पुढे काय?

सरकार विज्ञान-तंत्रज्ञानावर पैसा कुठे खर्च करतं, नवं वाण किंवा नवं यंत्र शेतापर्यंत आणि कारखान्यापर्यंत कसं पोचतं, त्याचा फायदा शेवटी कुणाच्या पदरात पडतो, हे तपासणारा विषय म्हणजे संशोधन आणि नवोपक्रम धोरण. दोन देशांची तुलना केल्याशिवाय इथे फारसं हाती लागत नाही, त्यामुळे परदेशी सहकाऱ्याची गरज लवकरच पडते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी नऊ प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : तासगावच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. द्राक्षबागायतदार नवं वाण कुणाचं ऐकून लावतात आणि कधी उपटून टाकतात, यावर काम करायचं आहे. परदेशात या विषयावर कोण काम करतं? ओळखदेख नसताना लिहायचं कसं?

उत्तर : या विषयातलं एक जुनं केंद्र म्हणजे इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाचं ‘स्प्रू’, ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी ते १९६६ साली सुरू केलं. पण तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं आहे ते ‘ग्लोबेलिक्स’. विकसनशील देशांत नवोपक्रम कसा घडतो, याचा अभ्यास करणाऱ्यांची ही संघटना. पहिली परिषद २००३ मध्ये रिओ दि जानेरोला झाली, २००६ची तिरुअनंतपुरमला. भारतात ‘इंडियालिक्स’, आफ्रिकेत ‘आफ्रिकालिक्स’, लॅटिन अमेरिकेत ‘लालिक्स’ ही तिचीच भावंडं. पीएचडी करणाऱ्यांसाठी ही मंडळी अभ्यासशाळा घेतात. परिषदेत पंधरा मिनिटं बोलून होते त्यापेक्षा पक्की ओळख तिथे होते. युरोपातल्या संस्थांचा मंच ‘यू-स्प्री’. देशात जेएनयूचं विज्ञान धोरण केंद्र, तिरुअनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आणि निस्टॅड्स व निस्केअर एकत्र करून २०२१ मध्ये झालेली दिल्लीची ‘निस्पर’ ही नावं लक्षात ठेवा. पहिला परदेशी प्रकल्प यांच्यापैकी कुणाच्या तरी सोबतीने केलेला बरा. परदेशी पैसा आणि करार हाताळायचा सराव त्यांच्या कार्यालयांना असतो. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयाला बहुधा नसतो.

आता पत्र. दीडशे ते दोनशे शब्द, त्यापलीकडे नको. पहिल्या दोन वाक्यांत त्यांच्या एखाद्या लेखातला नेमका मुद्दा आणि तो तुमच्या भागात कुठे लागू पडतो किंवा कुठे पडत नाही. मग तुमच्याकडे असं काय आहे जे त्यांना तिकडे बसून मिळणार नाही. शेवटी एकच लहान मागणी: अर्धा तास बोलता येईल का, किंवा सोबतचं एक पान वाचाल का. ‘तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करायची संधी द्यावी’ हे वाक्य गाळा. त्याने तुम्ही सहकारी न राहता अर्जदार होता, आणि अर्जदारांची पत्रं तिकडे रोज दहा येतात.

तुमच्याकडे काय आहे, याचं उत्तर तासगावात शोधायला लांब जावं लागत नाही. थॉमसन सीडलेसमधून निवड करून काढलेलं ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्षाचं वाण बोरगावच्या बागेतलं. वापरणाराच सुधारणा घडवतो, हा एमआयटीच्या एरिक फॉन हिप्पेल यांचा सिद्धान्त या विषयातल्या प्रत्येकाला पाठ असतो. त्यांचा वैज्ञानिक उपकरणांवरचा मूळ लेख १९७६ साली ‘रिसर्च पॉलिसी’त आला. प्रयोगशाळेतल्या उपकरणांवरून निघालेली ही मांडणी द्राक्षवेलीला कितपत लागते, हा प्रश्न परदेशी अभ्यासकाला नक्की वाचावासा वाटेल. सहकारी सोसायट्या आणि कारखान्यांचे सभासदांना वाटलेले जुने वार्षिक अहवाल, बागायतदारांच्या छाटणी-फवारणीच्या वह्या, हाही ऐवजच आहे. ‘माझ्याकडे १९८५पासूनचे इतके अहवाल आहेत’ असं नेमकं लिहिता आलं तर पत्राचं वजन वाढतं.

ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून ठेवा. तो सोळा आकडी, फुकट आणि पाच मिनिटांत मिळतो. एकाच आडनावाच्या गर्दीत तुमचं काम त्यामुळे वेगळं ओळखू येतं. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. ऑगस्टमध्ये युरोप सुट्टीवर असतो, आणि ब्राझील-दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळी सुट्टीचा काळ. त्या दिवसांतल्या शांततेचा अर्थ नकार असा काढू नका.

प्रश्न : कराडहून पीएचडी करते. उसातलं ठिबक हा विषय. युरोपातल्या एका गटाने ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि भारत अशी तुलना योजली आहे. मी सातारा-सांगलीत २०० मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्डिंग आणि इंग्रजी भाषांतर पाठवायचं, विश्लेषण ते करतील. लेखात नाव येईल का, असं विचारल्यावर ‘आभारात नक्की’ असं उत्तर आलं. घ्यावं का हे काम?

उत्तर : आहे त्या रूपात घेऊ नका. तोडूही नका. अशी बोलणी दुरुस्त होऊ शकतात, आणि बहुतेक वेळा समोरच्याने मुद्दाम काही केलेलं नसतं. त्यांच्या अर्जात ‘क्षेत्रीय माहिती संकलन’ अशी एक ओळ होती आणि त्या ओळीत तुम्ही बसला आहात, एवढंच.

आधी आकडेमोड त्यांच्यासमोर ठेवा. २०० मुलाखती, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे १५० तासांचं रेकॉर्डिंग. हात बसलेल्या माणसालाही एक तासाचं बोलणं अक्षरशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. म्हणजे ६०० ते ९०० तास. रोज सात तास बसलात तर ८६ ते १२९ दिवस फक्त उतरवण्यात गेले, भाषांतर वेगळंच. मुलाखती रोज तीन धरल्या तर गावोगाव फिरण्याचे ६७ दिवस. यातलं किती त्यांच्या अंदाजपत्रकात धरलंय ते विचारा. बहुधा एक ठोक रक्कम असते आणि ती फिरण्यातच संपते. मग घाईघाईने केलेल्या मुलाखती पातळ होतात: ‘सबसिडी मिळाली म्हणून ठिबक घेतलं’ या एका वाक्यापुढे माणूस जात नाही. लॅटरल (ठिबकच्या नळ्या) कुणाच्या सांगण्यावरून बदलल्या, फिल्टर चोंदल्यावर दुरुस्तीला कोण आलं, ऊसतोडीला अडचण होते म्हणून नळ्या कधी गुंडाळून ठेवल्या, हे निघतच नाही. आणि धोरणाच्या अभ्यासात कामाचं असतं ते नेमकं हेच.

प्रतिप्रस्ताव असा द्या: ६० सविस्तर मुलाखती आणि २०० जणांची वीस मिनिटांची प्रश्नावली. पूर्ण उतरवणं मराठीत. इंग्रजीत प्रत्येक मुलाखतीचं दोन पानी टिपण आणि लेखात वापरायच्या उताऱ्यांचंच भाषांतर. गाळप चालू असताना, नोव्हेंबर ते मार्च, ऊसवाला शेतकरी बसून बोलत नाही. काम जून ते ऑगस्टमध्ये ठेवा. पावसामुळे शेतकरी थोडा मोकळा असतो आणि युरोपातल्या सहकाऱ्यालाही तेव्हाच येता येतं.

मग श्रेयाचा प्रश्न. यासाठी ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी आहे: कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपास, माहितीची निगा, विश्लेषण, पहिला खर्डा, पैसा मिळवणं वगैरे. अनेक नियतकालिकं लेखासोबत ती भरून मागतात. सुरुवातीलाच एका कोष्टकात प्रत्येकाच्या नावापुढे भूमिका लिहा. प्रश्नावली तुम्ही घडवली, तपास तुम्ही केला, निगा तुम्ही ठेवली, तर ‘आभारात’ हे उत्तर त्या कोष्टकापुढे टिकत नाही. मात्र लेखकपण हक्काने मागायचं तर जबाबदारीही घ्यावी लागते: खर्डा वाचून बदल सुचवणं, अंतिम प्रतीला मान्यता देणं आणि पुढे कुणी आक्षेप घेतला तर उत्तर देणं. सीमेपलीकडच्या सहकार्यात कुणाची काय जबाबदारी, याच्या २० मुद्द्यांचं ‘मॉन्ट्रिअल निवेदन’ २०१३ सालापासून उपलब्ध आहे. बोलणी अडली तर ‘तुमच्या संस्थेचं यावर काय धोरण आहे’ असा साधा प्रश्न विचारून ते सोबत जोडा. वाद घालण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं.

तीन वाक्यं लेखी हवीतच. पहिलं, या माहितीवर तुमचा प्रबंध उभा राहू शकेल आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही. दुसरं, किमान एका लेखाच्या प्रथम लेखक तुम्ही असाल, आणि तो अमुक महिन्यापर्यंत लिहिला नाही तर विषय इतरांना खुला होईल. ही मुदत तुमच्यावरही बंधनकारक ठेवा, म्हणजे समोरचा विश्वास ठेवतो. तिसरं, मानधन टप्प्यांत: कामाआधी ३० टक्के, निम्म्या मुलाखतींनंतर ४०, शेवटी ३०. मार्गदर्शकांना हे सगळं आधीच दाखवा. एकत्रित लेख आधी छापून आला आणि तोच मजकूर प्रबंधात गेला, तर उचलेगिरी शोधणाऱ्या साम्य तपासणीत तो उठून दिसतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. कुठला भाग आधी प्रकाशित झाला, याची नोंद प्रबंधातच करा.

प्रश्न : सांगली-मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीतल्या छोट्या फाउंड्री आणि मशीनशॉपमधल्या नवोपक्रमाचा अभ्यास चालू आहे. परदेशी सहकाऱ्यांची तयार प्रश्नावली आहे. मालक पहिल्याच प्रश्नाला ‘आमच्याकडे आर अँड डी नाही’ म्हणतात आणि पुढचं सगळं कोरं राहतं. प्रश्नावली बदलावी तर तुलना बिघडेल, असं ते म्हणतात.

उत्तर : न बदलली तरी तुलना बिघडलेलीच आहे, फक्त दिसत नाही. कोऱ्या रकान्याला संगणक शून्य समजतो आणि कुपवाडमध्ये काहीच घडत नाही असा निष्कर्ष छापून येतो.

गोंधळ दोन वेगळ्या मोजमापांचा आहे. संशोधन-विकास (आर अँड डी) मोजायचा तो ‘फ्रास्काटी मॅन्युअल’प्रमाणे, १९६३पासूनचं हे पुस्तक, चालू आवृत्ती २०१५ची. त्यात पाच कसोट्या आहेत: काम नवं हवं, सर्जनशील हवं, निकाल अनिश्चित हवा, पद्धतशीर हवं आणि दुसऱ्याला ते पुन्हा करता यायला हवं. पाचही लागतात. नवोपक्रम मोजायचा ‘ऑस्लो मॅन्युअल’ने, पहिलं १९९२चं, चौथी आवृत्ती २०१८ची. तिथे अट सोपी आहे: त्या युनिटच्या आधीच्या मालापेक्षा किंवा पद्धतीपेक्षा लक्षणीय वेगळं, आणि ते बाजारात आणलेलं किंवा प्रत्यक्ष वापरात आलेलं. जगात पहिलं असण्याची गरज नाही.

मालकाने रायझर आणि गेटिंग (साच्यातले वितळलेल्या धातूचे साठे आणि वाटा) बदलून रिजेक्शन खाली आणलं, तर ऑस्लोप्रमाणे हा प्रक्रियेतला नवोपक्रम होऊ शकतो. तोच बदल त्याने वेगवेगळे आकार ठरवून, प्रत्येक हीटची (भट्टीतल्या प्रत्येक घाणीची) नोंद ठेवून, काय होईल हे माहीत नसताना केला असेल, तर तो फ्रास्काटीच्या दारातही येतो. नुसती नवी इंडक्शन भट्टी विकत घेऊन बसवली, तर संशोधन-विकास नाही. नवोपक्रम मात्र असू शकतो. मालकाच्या डोक्यात आर अँड डी म्हणजे सरकारमान्य वेगळा विभाग आणि त्याचे कागद. शिवाय हिशेबात तो खर्च कधी वेगळा दाखवलेला नसतो, म्हणून करखात्याचं काही लचांड मागे लागायला नको, हाही विचार असतो. तो ‘नाही’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो.

उपाय क्रमात आहे. व्याख्या तीच ठेवा, वाट बदला. आधी विचारा: गेल्या तीन वर्षांत माल, पॅटर्न, कोअर, वाळू, भट्टी, तपासणी, ऑर्डर घेण्याची पद्धत, यांत काय बदललं? मग एकेका बदलावर: कुणी सुचवला, किती ट्रायल घेतल्या, नोंद कुठे आहे, किती माणसांचे किती दिवस गेले, फसलं काय? खर्चाचा प्रश्न सगळ्यांत शेवटी, आणि तोही दिवसांवरून रुपयांत काढा. कोणता बदल कुठल्या व्याख्येत बसतो हे तुम्ही नंतर ठरवायचं, मालकाने नाही. असं केलं तर परदेशी सहकाऱ्यांचे रकाने जसेच्या तसे भरता येतात. तीन वर्षांची मुदत ऑस्लोतही बसते; एक ते तीन वर्षं असाच सल्ला तिथे आहे.

एक बारकावा राहतो तो ग्राहकाच्या ड्रॉइंगचा. पुण्याच्या ऑटो कंपनीने ड्रॉइंग दिलं आणि इथे कास्टिंग काढलं, तर नवं काय आणि कुणाचं? मालाची रचना ग्राहकाची, पण ते कास्टिंग दोषाशिवाय निघावं म्हणून केलेली मेथडिंग, म्हणजे धातू साच्यात कसा भरायचा याची आखणी, इथली. दोन्ही वेगळं विचारा.

प्रत्यक्षात तुलना मोडते ती फारशा तात्त्विक नसलेल्या जागी. युरोपात लघु उद्योग म्हणजे ५०पेक्षा कमी माणसं. आपल्याकडे १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. माणसं मोजायचा प्रश्नच नाही. त्यामुळे आपल्या कागदावरचं लघु युनिट त्यांच्याकडे मध्यम ठरू शकतं. माणसांची संख्या विचाराल तेव्हा ठेकेदाराची माणसं धरून आणि सोडून, असे दोन आकडे घ्या, नाहीतर चाळीस माणसांचं युनिट नऊ माणसांचं होऊन बसतं. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. लाख-कोटी आणि मिलियन यांत शून्य घसरतं. प्रत्येक रकान्यात एकक छापूनच टाका. युनिटची यादी घेताना जिल्हा उद्योग केंद्राची आणि ‘उद्यम’ नोंदणीची पडताळून घ्या. बंद पडलेले गाळे दोन्हींत असतात.

मोठी छपाई करण्याआधी आठ-दहा मालकांसमोर प्रश्नावली चालवून बघा आणि प्रत्येक प्रश्नानंतर ‘तुम्हाला यातून काय समजलं’ एवढंच विचारा. भारताचा संशोधन-विकास खर्च २०२०-२१ साली जीडीपीच्या ०.६४ टक्के नोंदला गेला. शॉप फ्लोअरवरच्या अशा ट्रायल त्या आकड्यात क्वचितच येतात, आणि परदेशी सहकाऱ्याला तुमच्या कामाचं मोल पटवायला हा एक मुद्दा पुरेसा आहे.

प्रश्न : साताऱ्यातल्या एका छोट्या शिक्षण व संशोधन संस्थेचा सचिव आहे. परदेशी विद्यापीठ आम्हाला प्रकल्पासाठी पैसे पाठवायला तयार आहे. बँकेत नेहमीच्या खात्यावर घेऊ का?

उत्तर : नाही. एक रुपयाही घेऊ नका, आधी पुढचं वाचा.

अनुदान म्हणून आलेला परदेशी पैसा २०१०च्या परदेशी योगदान (विनियमन) कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये मोडतो. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी हवी, किंवा त्या एका प्रकल्पापुरती पूर्वपरवानगी. नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेली लागते. तुमच्यासारख्या लहान संस्थेला पूर्वपरवानगीचा मार्ग जास्त जवळचा. त्यात देणाऱ्याचं नाव, रक्कम आणि काम नेमकं लिहिलेलं पत्र लागतं. दोन्ही बाबतींत पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच उतरतो. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, साताऱ्याच्या शाखेतून कागद जातात. दरवर्षी एफसी-४ हे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. त्या वर्षी काही आलं नसेल तरी शून्याचं भरायचं. ते विसरणं हे अडचणीत येण्याचं नेहमीचं कारण.

२०२०च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या, आणि परदेशी विद्यापीठांना त्या हमखास माहीत नसतात. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५०वरून २० टक्क्यांवर आली. आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, तिची नोंदणी असली तरी. त्यामुळे ‘मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे सगळी रक्कम पाठवतो, ती तुम्हाला तुमचा वाटा देईल’ ही युरोपातली सवयीची रचना इथे चालत नाही. प्रत्येक भारतीय भागीदाराला थेट, आपापल्या परवानगीने पैसा यावा लागतो. हे अर्ज भरतानाच सांगा. मंजुरीनंतर अंदाजपत्रक बदलायला तिकडे सहा-सहा महिने जातात.

केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं लेखापरीक्षण सक्तीचं असलेल्या संस्थांना यातून सूट आहे. विद्यापीठाबरोबर भागीदारी करायची असेल तर त्यांचा वित्त अधिकारी याचं उत्तर एका वाक्यात देतो.

दुसरी वाट सेवेच्या मोबदल्याची. सर्वेक्षण करून देण्याचं बिल लावलं, तर नेहमीच्या व्यवसायातलं सेवाशुल्क परदेशी योगदानात धरत नाहीत. पण मग काम खरोखर सेवेचं हवं: ठरलेलं काम, ठरलेला दर, पावती, जीएसटीत निर्यातीची नोंद. अनुदानाच्या पत्रावर ‘कन्सल्टन्सी’ असा शिक्का मारून काम भागत नाही. आणि सेवेच्या करारात माहितीची मालकी बहुधा पैसे देणाऱ्याकडे जाते, म्हणजे श्रेयाचा प्रश्न पुन्हा उभा. आमचं मत विचाराल तर संशोधनाच्या कामाला ही वाट शेवटची. चार्टर्ड अकाउंटंटना विचारताना ‘एफसीआरएचं काम केलंय का’ हे आधी विचारा. प्राप्तिकर उत्तम जाणणारे सगळेच हे करत नाहीत.

शासकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठी जाता जाता: परदेशी संस्थेने तिकीट आणि राहण्याचा खर्च दिला तर ते ‘परदेशी आतिथ्य’ ठरतं. त्याची परवानगी एफसी-२ अर्जाने, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे पाच परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार आहेत. संशोधनासाठी हे पुरेसे नाहीत का? (अंतर्गत गुणवत्ता कक्ष, सातारा)

उत्तर : नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) फाइलला पुरतात. सामंजस्य करारात ‘सहकार्य करण्याचा इरादा’ असतो. कुणी किती तास द्यायचे, माहिती कुठे राहील, सहकारी मध्येच सोडून गेला तर काय, यातलं काही नसतं. प्रत्येक प्रकल्पाला चार पानांचा वेगळा करार करा. त्यात काम, पैसा, माहिती, प्रकाशन आणि बाहेर पडण्याची रीत एवढं आलं की झालं. त्यावर प्राचार्यांबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्या शिक्षकाचीही सही घ्या. परिषदेत हार घालून झालेला करार आणि त्यातल्या एकाही शिक्षकाला त्याचा पत्ता नाही, हे चित्र काही दुर्मिळ नाही.

प्रश्न : शेतकऱ्यांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग परदेशी सहकाऱ्यांच्या ड्राइव्हवर सरळ टाकली तर चालतं का? (फलटण)

उत्तर : मूळ आवाज टाकू नका. तुमच्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात संशोधनाला काही सूट आहे, पण ती अटींसह. सहकारी युरोपातला असेल तर त्याच्यावर २०१८पासून लागू असलेला जीडीपीआर हा युरोपचा माहिती संरक्षण कायदा. तिथे नावाऐवजी क्रमांक टाकलेली माहितीही सहसा वैयक्तिकच मानतात, जोवर तो क्रमांक कुणाचा हे सांगणारी यादी अस्तित्वात आहे. म्हणून नाव-क्रमांकाची यादी तुमच्याकडे, वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. बाहेर जाईल ते फक्त क्रमांकाचं लिखित रूप. नाव काढलं म्हणजे ओळख गेली, असंही नाही. गाव, पीक आणि निर्यातीचं वर्ष एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की पंचक्रोशीतला कुणीही माणूस ओळखतो. गावाऐवजी तालुका, वर्षाऐवजी पाच वर्षांचा टप्पा लिहा. संमतीसाठी सही मागितली की लोक बिचकतात, आणि ते साहजिक आहे. संमतीचा मजकूर वाचून दाखवून तोंडी होकार रेकॉर्डच्या सुरुवातीला घेणं नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घ्या. माहिती देशाबाहेर जाणार आहे, हे त्या मजकुरात स्पष्ट हवं.

प्रश्न : जर्मनीचा एक पीएचडी विद्यार्थी दोन महिने वाईत राहून मुलाखती घेणार आहे. पर्यटक व्हिसावर आला तर?

उत्तर : येऊ देऊ नका. मुलाखती घेऊन प्रबंध लिहिणं हे संशोधन आहे आणि त्याला त्या कामाचा व्हिसा लागतो. तुमच्या संस्थेचं निमंत्रणपत्र, कामाचा आराखडा आणि जागांची नावं देऊन त्याने तिथल्या भारतीय दूतावासात चार महिने आधी विचारणा करावी. घरी किंवा वसतिगृहात उतरवलं तरी २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करण्याची जबाबदारी उतरवणाऱ्याची. अडलं तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातला परदेशी नागरिक कक्ष. आणि परतताना ‘नमुना म्हणून’ बियाणं, काडी किंवा माती बॅगेत जाता कामा नये. जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी व्यक्तीला त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मान्यता लागते.

प्रश्न : एकत्र लिहिलेला लेख स्वीकारला गेला, पण पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून परदेशी सहकाऱ्याचं नाव टाकू म्हणतात. काम निम्मं माझं आहे. शिवाय हा लेख मराठीत आणता येईल का? (मिरज)

उत्तर : पत्रव्यवहाराचा लेखक म्हणजे नियतकालिकाशी लेखाबद्दल बोलणारा. यामागे बहुधा प्रकाशन शुल्क आहे. युरोपातल्या अनेक विद्यापीठांचे प्रकाशकांशी असे करार असतात, की पत्रव्यवहाराचा लेखक त्यांच्याकडचा असेल तर लेख खुला ठेवायचं शुल्क वेगळं भरावं लागत नाही. भारत शुल्कमाफीच्या नेहमीच्या यादीत बसत नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं त्यात आहेत, पण ती मुख्यतः शासकीय संस्थांना वाचायला. शुल्क वाचवणं हे कारण रास्त आहे. फक्त ते उघड बोलून घ्या आणि मोबदल्यात प्रथम लेखक तुम्ही किंवा ‘दोघांचं समान योगदान’ ही तळटीप मागा. दुसरा मार्ग: लेख वर्गणीच्या रूपात बिनशुल्क छापायचा आणि स्वीकारलेली हस्तप्रत, नियतकालिक परवानगी देतं त्या मुदतीनंतर, ‘झेनोडो’सारख्या भांडारात ठेवायची. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेने चालवलेलं हे भांडार फुकट आहे आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळख) क्रमांकही देतं.

मराठीसाठी लेखाच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची अक्षरं पाहा. सीसी-बीवाय असेल तर श्रेय देऊन भाषांतर कुणीही छापू शकतं. शेवटी एनडी (फेरफार नको) असेल तर भाषांतराला परवानगी लागते, म्हणून परवाना निवडायची वेळ येते तेव्हाच एनडी टाळा. मराठी लेखाला गुण मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं हे सांगणारा ‘लायडन जाहीरनामा’ २०१५ साली ‘नेचर’मध्ये आला, त्याच्या दहा तत्त्वांत स्थानिक महत्त्वाचं संशोधन जपण्याचं एक आहे, आणि इंग्रजीबाहेरच्या लेखनाची तिथे दखल आहे. यूजीसीची केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये रद्द झाल्यानंतर निकष ठरवणं बरंचसं संस्थांकडे आलंय, तेव्हा तुमच्या विद्यापीठात हा मुद्दा मांडायला आधार म्हणून तो जाहीरनामा वापरता येईल.

प्रश्न : भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि डेन्मार्क अशा चौघांची बैठक कधी घ्यावी? दर वेळी कुणीतरी झोपेत असतं. (इस्लामपूर)

उत्तर : आपल्या संध्याकाळी साडेपाचला. तेव्हा साओ पावलोत सकाळचे नऊ, प्रिटोरियात दुपारचे दोन आणि डेन्मार्कमध्ये हिवाळ्यात दुपारचा एक, उन्हाळ्यात दोन वाजलेले असतात. डेन्मार्कची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात, बाकी तिघांची नाही. त्या दोन आठवड्यांत निमंत्रण पुन्हा पाठवा. अमेरिकेतलं कुणी आलं तर तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, म्हणजे वर्षातून दोनदा थोडे दिवस युरोप-अमेरिका अंतरच वेगळं असतं. बैठक पन्नास मिनिटांची ठेवा, आणि लाइट जाणार असेल त्या दिवशी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आवाजापुरतं जोडून घ्या. ठरलेले निर्णय त्याच संध्याकाळी पाच ओळींत सगळ्यांना लिहून पाठवा.